पागनिसांचा कोतल घोडा

मंदार पागनीस घराबाहेर पडताना दोन रुमाल घेतात. एक वापरायला आणि एक पहिला हरवला तर. देवळात जाताना पायात जुनी चप्पल असते आणि पिशवीत तिच्याहून जुनी, कारण उज्जैनमध्ये देव कितीही जागृत असला तरी चपलांची जबाबदारी घेत नाही. आजवर त्यांची चप्पल एकदाही चोरीला गेलेली नाही. चोरांनाही काही अभिरुची असते, असं त्यांच्या पत्नी सुलभाबाई म्हणतात.

हा स्वभाव रक्तातला आहे. पागनीस घराणं शिंद्यांच्या पागेतलं. घरात सांगतात त्याप्रमाणे मूळ पुरुषाकडे कोतल घोड्यांची व्यवस्था होती. कोतल म्हणजे पाठीवर कुणी नसलेला, सजवून नुसता सोबत चालवलेला घोडा. सरदाराचं घोडं पडलं की त्याने ह्याच्यावर मांड टाकायची. बाकीची घराणी आपल्या पूर्वजांनी किती जखमा झेलल्या ते सांगतात. पागनीस सांगतात की आमचा घोडा वेळेवर हजर होता. ह्या पराक्रमावर कुणी पोवाडा रचला नाही. पागनिसांना त्याचं फारसं वाईट वाटत नाही. फक्त ते तो विषय वारंवार काढतात, इतकंच.

मंदारराव फ्रीगंजमधल्या एका खाजगी इस्पितळात नेटवर्क सांभाळतात. इस्पितळ रस्त्याच्या एका बाजूला आणि लॅब दुसऱ्या बाजूला. रिपोर्टांचा मोठा कॉम्प्युटर इस्पितळात, त्यामुळे ते डॉक्टरांच्या टेबलावर आणि लॅबच्या खिडकीवर दिसतात ते गच्चीवरून रस्ता ओलांडणाऱ्या एका वायरीतून. वायर तुटली की रक्त एका बाजूला, डॉक्टर दुसऱ्या बाजूला आणि मध्ये पागनीस. वायर तुटण्याची कारणं अनंत होती: पतंगाचा मांजा, मिरवणुकीतला उंच झेंडा, शेजारच्या गच्चीवरची माकडं. प्रत्येक वेळी मंदाररावांना फोन येई आणि ते जिथे असतील तिथून निघत, किंवा निदान बोलू लागत.

थोरली मुलगी भार्गवी हिच्या लग्नात अंतरपाट धरला होता, मंगलाष्टकं तिसऱ्या कडव्यावर आली होती आणि वधूपिता कार्यालयाच्या भटारखान्यामागे उभा राहून ओरडत होता, "हिरवी लाइट जल-बुझ रही है या सिर्फ जल रही है? अरे भैया, गौर से देखो!" उजव्या मुठीत अक्षता होत्या. त्यांनी त्या तिथूनच, अंदाजाने, लग्नमंडपाच्या दिशेने टाकल्या. बहुतेक बासुंदीच्या पातेल्यात पडल्या असाव्यात. लग्नाच्या व्हिडिओत ते कुठेच नाहीत. भार्गवीच्या सासरी काही दिवस असा समज होता की मुलीला वडील नाहीत आणि हे लोक सांगायला संकोचतात.

म्हणून धाकट्या ईराने अट घातली.

ईरा बडोद्याला नोकरी करते. तिथेच तिला विहंग सबनीस भेटला. शिंद्यांच्या उज्जैनची मुलगी गायकवाडांच्या बडोद्यात, पागनीस आणि सबनीस, म्हणजे घोड्यांचे कारकून आणि फौजेचे कारकून; दोन्ही घरांना हा योग दरबारी वाटला. विहंगच्या आजीला प्रवास झेपत नव्हता, तेव्हा साखरपुडा बडोद्यालाच ठरला, दसऱ्यानंतरच्या रविवारी.

"बाबा, वाङ्निश्चयाला तुम्हाला बसायचंय," ईरा फोनवर म्हणाली. "समोरासमोर. तुम्ही आणि विहंगचे बाबा. गुरुजी सांगतील ते मागून म्हणायचं. मध्ये उठायचं नाही."

"उठतोय कशाला मी?"

सुलभाबाईंनी टीव्हीखालच्या भार्गवीच्या लग्नाच्या व्हिडिओकडे बोट दाखवलं.

"फोन आईजवळ द्यायचा," ईरा म्हणाली. "आणि तुम्ही उठलात, तर प्रभाकरमामा तुमच्या जागेवर बसेल. मी त्याला सांगून ठेवलंय."

"आणि मी परत आलो तर?"

"तर मामाला उठवणार नाही. मामाच पुरं करेल."

आपल्या मुलीच्या वाङ्निश्चयाला आपला मेहुणा राखीव ठेवला आहे, ही बातमी मंदाररावांना लागली. त्याहून जास्त लागलं ते हे, की व्यवस्था निर्दोष होती. त्यांनी स्वतः मांडली असती तर अशीच मांडली असती.

तेव्हा त्यांनी ठरवलं, इस्पितळाच्या वायरीलाही एक कोतल घोडा द्यायचा.

दुसरी वायर होतीच. रस्त्याखालच्या पाइपातून, पूर्वी कधीतरी टाकलेली आणि विसरलेली. ती लॅबमधल्या स्विचला लावायची. स्विच म्हणजे ज्या चपट्या डब्यात सगळ्या वायरी येऊन खोचतात तो. दिवा लावायचं बटण नव्हे, हे मंदाररावांनी सुलभाबाईंना लग्न झाल्यापासून अनेकदा सांगितलेलं आहे. नुसत्या दोन्ही वायरी खोचून भागत नाही. दोन्ही एकदम चालू राहिल्या तर तोच तो निरोप ह्या वायरीने जातो, त्या वायरीने परत येतो, पुन्हा जातो, आणि बघता बघता सगळं नेटवर्क गुदमरतं.

"म्हणजे आपल्या मराठी समाजाच्या मीटिंगसारखं," सुलभाबाई पोह्यांवर शेव घालत म्हणाल्या.

"अगदी. म्हणून एकाला बोलायचा हक्क द्यायचा आणि दुसऱ्याला गप्प बसवायचं. पण जागं ठेवायचं. पहिला गप्प झाला रे झाला, की दुसऱ्याने सुरू व्हायचं. क्षणात."

"आणि पहिल्याला पुन्हा कंठ फुटला तर?"

सुलभाबाई शाळेत गणित शिकवतात. त्यांचे प्रश्न नेमके असतात आणि वेळ गैरसोयीची.

"ते आपण सांगू तसं," मंदारराव म्हणाले. "लगेच जागा परत द्यायची, का थोडं थांबून, पहिला खरंच बरा झालाय का बघून द्यायची, का द्यायचीच नाही."

"ईराने तिसरं ठेवलंय."

"खाऊ दे जरा शांतपणे."

पुढचे काही दिवस मंदारराव लॅबच्या मागच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसत. सोबत अपूर्वा असे. तिचे वडील बँकेच्या बदलीने अकोल्याहून आलेले. ती इस्पितळात कॉम्प्युटरची कामं बघायची आणि मंदाररावांच्या हाताखाली होती, म्हणजे मंदारराव काम करत आणि ती हाताखाली उभी राही. स्विचला हात लावायची तिला परवानगी नव्हती. पासवर्ड फक्त मंदाररावांना ठाऊक होता. टाइप करताना ते खांदा असा वळवत, की जणू लाजरी नवरी जेवते आहे.

दोन पोर्टांची, म्हणजे वायरी खोचायच्या भोकांची, जोडी त्यांनी बांधली. गच्चीवरची वायर मुख्य, पाइपातली राखीव. पहिली परत आली तर दोन मिनिटं थांबून मगच तिला जागा द्यायची, असंही घातलं. आज्ञा शेवटी जतन केल्या. राखीव पोर्टचा दिवा शांतपणे नारिंगी झाला.

"सर, टेस्ट करून पाहू ना," अपूर्वा म्हणाली. "काढून पाहू एक."

"आज नको. ओपीडी भरली आहे."

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. तिसऱ्या दिवशी भस्मारतीला आलेले यात्रेकरू जुलाब घेऊन भरती झाले होते. खरी गोष्ट अशी, की धडधाकट चालणारी वायर आपल्या हाताने उपटायची, हे मंदाररावांच्या संस्कारांत बसत नव्हतं.

मग आली खंडेनवमी. पागनिसांच्या घरी त्या दिवशी शस्त्रं पुजतात. शस्त्र एकच उरलंय, एक कट्यार. तिची पाती म्यानाला अशी चिकटली आहे की आता म्यानासकटच शत्रूला मारावी लागेल. पण मंदाररावांचं म्हणणं, ज्याच्या जिवावर पोट चालतं ते शस्त्र. म्हणून दरवर्षी ते स्विचची पूजा करत. डब्याला हळदकुंकू, कडेने झेंडूची माळ, उदबत्ती लांब, कारण वर धूर ओळखणारं यंत्र होतं आणि एका वर्षी त्याने सगळा वॉर्ड रस्त्यावर आणला होता. यंदा कोतल घोडाही नवा आलेला. त्यांनी लच्छा घेतला, म्हणजे देवळात मनगटाला बांधतात तो लाल-पिवळा धागा, आणि शेजारी शेजारी खोचलेल्या त्या दोन वायरींना मिळून सात वेढे दिले. गाठ मारली. गाठीवर कुंकू लावलं.

"जोडीने राहा," ते म्हणाले.

अपूर्वाने प्रसादाचा पेढा खाल्ला. तिला काही तरी खटकलं, पण पूजेत मध्ये बोलू नये असं तिला घरी शिकवलं होतं.

शनिवारी रात्रीची गाडी होती. शुक्रवारी सकाळी इस्पितळाचे मालक डॉक्टरसाहेब स्वतः मागच्या खोलीत आले.

"पागनीस जी, हो गया क्या? तो एक बार मेरे सामने खींच के दिखाइए. फिर बेफिक्र होकर जाइए."

आता पळवाट नव्हती. मंदाररावांनी बाह्या सावरल्या. लॅपटॉप उघडून डावीकडे ठेवला, म्हणजे बदल होताना पडद्यावर दिसावा. "साहेब, ये देखिए," ते म्हणाले, "अब मैं मुख्य लाइन काटता हूँ, और किसी को पता भी नहीं चलेगा." आणि त्यांनी जादूगार टेबलावरचा रुमाल ओढतो तशी गच्चीवरची वायर झटक्यात ओढली.

कळलं सगळ्यांनाच. बाहेर आधी एक कॉम्प्युटर ओरडला, मग त्याच्यापुढची मुलगी, मग रांग. "रिपोर्ट नहीं दिख रही!" "अभी तो थी!" मंदाररावांनी पडद्याकडे पाहिलं. मुख्य लाइन बंद. राखीव लाइन बंद.

"हे होऊच शकत नाही," ते म्हणाले आणि उजव्या हातात वायर तशीच धरून डाव्या हाताने बटणं बडवू लागले. आज्ञा तपासल्या. बरोबर. जोडी तपासली. बरोबर. स्विच बनवणाऱ्या कंपनीविषयी ते काही बोलले. कंपनी ज्या देशातली होती त्या देशाविषयी बोलले. मग राहू-केतूंवर येणार, तेवढ्यात अपूर्वा म्हणाली,

"सर."

"थांब जरा!"

"सर, हातात पाहा ना. दोन आहेत."

मंदाररावांनी हातात पाहिलं. गच्चीवरची वायर मुठीत होती, आणि सात वेढ्यांच्या पवित्र बंधनात तिच्या मागोमाग आलेली पाइपातली वायर तिला बिलगून लोंबत होती. प्लगांना अडकून राहण्यासाठी प्लास्टिकची एक नाजूक खिटी असते. ती दोन्हींची कधीच मोडलेली होती, जशी भारतातल्या बहुतेक प्लगांची असते. स्विचची काही चूक नव्हती. त्याने घोडा पडलेला पाहिला, कोतलाकडे वळला, तर कोतलही सती गेलेला.

डॉक्टरसाहेबांनी त्या जोडीकडे आणि कुंकवाच्या गाठीकडे पाहिलं. हा मनुष्य रोज लोकांची आतडी बघतो, त्याला सहसा काही वाटत नाही. "पागनीस जी," ते हळूच म्हणाले, "गठबंधन तो शादी में होता है," आणि हसू दाबत राउंडला निघून गेले.

वायरी खोचल्या गेल्या. अपूर्वाने ड्रेसिंगच्या कात्रीने लच्छा कापला, नव्या खिट्यांचे प्लग आणले. सगळं चालू झालं. पण मंदारराव खुर्चीत बसले ते उठेनात.

घरी गेल्यावर त्यांनी जाहीर केलं. "तुम्ही जा. मी राहतो. प्रभाकर आहेच ना बसायला."

सुलभाबाई बॅगेत साड्या रचत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. "बरं."

"बरं काय? माझं ऐकून तर घे. मी तिकडे आणि इकडे काही झालं तर..."

"झालं तर होईल. भार्गवीच्या लग्नात तुम्ही इकडेच होतात, तरी काय फरक पडला? पंधरा मिनिटांत वायर लागली. तुम्ही मात्र अजून लागला नाहीत." मग एक साडी परत उलगडून त्या म्हणाल्या, "मला काही नाही हो. मी सांगेन लोकांना, की ह्यांना सुट्टी नाही मिळाली. ईराला काय सांगू ते तुम्हीच ठरवा. नाही तर असं करा, तुम्हीच तिला फोन करा. आता."

मंदाररावांनी फोन उचलला, नंबर काढला आणि पुन्हा ठेवला. काही वायरी खरंच ओढवत नाहीत.

शनिवारी दुपारी ते लॅबमध्ये गेले आणि दार लावून अपूर्वाला समोर बसवलं. चेहरा असा, की मृत्युपत्र करणार आहेत.

"हे बघ, आता जे सांगतोय ते कुणाला सांगायचं नाही. पासवर्ड." त्यांनी आवाज खाली आणला. "ॲडमिन. सगळी अक्षरं छोटी. पुढे एक-दोन-तीन."

"हो सर."

"लिहून नको घेऊ."

"नाही सर. डब्याच्या खालच्या बाजूला छापलेलाच आहे. मी आली तेव्हाच पाहिला होता."

मंदाररावांनी वाकून डब्याखाली पाहिलं. "मग कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही असे वळून टाइप करायचे ना," अपूर्वा ओशाळून म्हणाली, "मला वाटलं, मोडू नये."

तो पासवर्ड त्याच वेळी बदलण्यात आला. नवा अपूर्वाने ठरवला. मग मंदाररावांनी तिला पहिली वायर ओढायला लावली. तिने ओढली. दिवा नारिंगीचा हिरवा झाला, बाहेर रांग पुढे सरकत राहिली, एक बाई दुसरीला आपल्या सुनेविषयी सांगत होती ती सांगतच राहिली. मंदारराव दाराच्या फटीतून बघत होते. त्यांना अतिशय आनंद झाला, आणि त्या आनंदाला आतून बारीकशी कसर लागल्यासारखंही झालं.

रात्री ते गाडीत बसले. फोन सुलभाबाईंच्या पर्समध्ये गेला.

बडोद्याच्या सबनिसांच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी दोन पाट समोरासमोर मांडले होते. मंदारराव सोवळं नेसून बसले, समोर विहंगचे वडील. मागे, हाताच्या अंतरावर, प्रभाकरमामा, तोही सोवळ्यात, इस्त्री केलेला, सज्ज. अशा समारंभात नुसतं बसायचं असतं हे मंदाररावांना नवीन होतं. हात कुठे ठेवावेत ते कळेना. त्यांनी समईच्या वाती मोजल्या, गुरुजींच्या मायक्रोफोनची वायर कुठून कुठे जाते ते पाहिलं आणि ती पायात येईल असं ठरवलं.

सुपारी हातात आली. गुरुजी म्हणत, मंदारराव मागून म्हणत. गोत्र झालं. आजोबांचं नाव झालं, वडिलांचं झालं, स्वतःचं झालं. आता मुलीचं नाव घेऊन शब्द द्यायचा, आणि त्या नेमक्या क्षणी सुलभाबाईंची पर्स थरथरू लागली.

सगळ्यांनी ऐकलं. पर्स स्टीलच्या ताटाला टेकलेली होती, त्यामुळे ती थरथरली नाही, तिने घंटानाद केला. सुलभाबाईंनी ती मांडीवर ओढून वर पदर दाबला. फोन बंद करायचा त्यांच्याकडूनच राहिला होता. मामाने उपरणं खांद्यावर घट्ट केलं आणि एक गुडघा उचलला. हिरव्या शालूतली ईरा कुणाकडेच बघत नव्हती, फक्त वडिलांकडे बघत होती. ती रागावली नव्हती. ती नुसती वाट बघत होती, नेहमीचं पाहायची तयारी करून.

"म्हणा," गुरुजी म्हणाले.

मंदाररावांच्या डोक्यात रस्ता, गच्ची, लॅब, रांग हे सगळं एका वेळी उभं राहिलं. मुठीत सुपारी फिरली. पर्स अजून बोलत होती.

"मी," ते म्हणाले, आणि शब्द विसरले.

"माझी कन्या," गुरुजींनी पुढे दिलं.

"माझी कन्या ईरा," मंदारराव म्हणाले, इतक्या मोठ्याने की मागच्या रांगेतल्या आजीने मान वर केली. मग प्रत्येक शब्द ते तसाच म्हणाले, पर्सच्या वरच्या पट्टीत. कधीतरी पर्स थांबली. ते थांबले नाहीत. मामाने गुडघा खाली ठेवला, जरा नाराजीनेच. त्याने आदल्या रात्री मंत्र पाठ केले होते.

अंगठ्या झाल्या, ओटी झाली, फोटो झाले. एकूण एक फोटोत मंदारराव आहेत, काहींत गरज नसताना. पंगतीत श्रीखंड वाढेपर्यंत त्यांनी कळ काढली. मग सुलभाबाईंकडे नुसतं बघितलं. त्यांनी निमूट फोन काढून दिला.

"अपूर्वा? काय झालं?"

"अभिनंदन सर! ईराताईचं झालं ना? म्हणून केला होता मी. तुम्ही उचललाच नाही."

"आणि लाइन?"

"ती गेली ना सकाळी. रंगाऱ्याने शिडी टाकली गच्चीवर. जोडून घेऊ उद्या, आरामात. दुसरीवर चालून राहिलंय सगळं."

"कुणाला कळलं?"

"नाही सर. मलाही दिवा पाहून कळलं."

मंदाररावांनी फोन ठेवला. शेजारच्या पाटावर व्याही जेवत होते. हा माणूस आता आपला होता. त्याला सांगायलाच हवं होतं.

"सबनीस साहेब," ते सद्गदित होऊन म्हणाले, "आमच्या इस्पितळात आज सकाळी काहीही झालं नाही."

व्याह्यांनी घास थांबवला. "म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. कुणाला कळलंसुद्धा नाही!"

व्याही सभ्य होते. पिढ्यान् पिढ्या दरबारात वागलेलं घराणं. त्यांनी थोडा विचार केला आणि पाणी पिऊन म्हणाले, "वा. फार छान." मग वाढप्याला खूण करून त्यांनी मंदाररावांच्या वाटीत आणखी श्रीखंड घालायला सांगितलं.

ईरा आग्रह करत पंगतीतून येत होती. वडिलांपाशी वाकून तिने विचारलं, "कुणाचा होता?"

"कुणाचा नाही," मंदारराव म्हणाले. "तू जेवलीस का?"